मिस्टर पेलिंग यांचे दोनशे कप्पे

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी घरी पार्टीला गेलं की नवऱ्यांच्या नोकऱ्या अर्ध्या मिनिटात सांगून व्हायच्या, कारण सगळ्यांची एकच असायची. माझी पाळी आली की गाडी अडायची. "तू लायब्ररीत म्हणजे पुस्तकं देतेस-घेतेस ना?" नाही. "मग शिकवतेस?" तेही नाही. "मग दिवसभर करतेस काय गं?" मेलेल्या माणसांच्या कागदांतल्या टाचण्या काढते, असं खरं उत्तर दिलं की समोरची काकू भज्यांची बशी घेऊन दुसरीकडे सरकायची. आता निवृत्त झाले आहे, या दिवाळी अंकाच्या संपादकांनी पानंही सढळ हाताने दिली आहेत, तेव्हा एकदाचं नीट सांगून टाकते.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखित विभागात होते. नावाजलेली, किंवा स्वतःला नावाजलेली समजणारी माणसं आपली कागदपत्रं आम्हाला देणगी द्यायची. पत्रं, डायऱ्या, भाषणांचे खर्डे, कधी चक्क वाणसामानाच्या याद्या. हे सगळं खोक्यांतून यायचं, ट्रंकांतून यायचं, एकदा तर कुत्र्याच्या पिंजऱ्यातून आलं. आम्ही गंजलेल्या टाचण्या काढायचो, घड्या उलगडून कागद सपाट करायचो, फोल्डरमध्ये घालायचो आणि कुठल्या खोक्यात काय आहे याची सूची लिहायचो. एका प्राध्यापकांच्या पत्नीने नवऱ्याच्या प्रेमपत्रांचा गठ्ठा आणून दिला. ती पत्रं तिला आलेली नव्हती. "सूचीत त्या बाईचं नाव पूर्ण घाला," एवढंच म्हणून ती निघून गेली. आम्ही पूर्ण घातलं.

या धंद्यात एक नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. ज्याचे कागद आहेत त्याने ते ज्या क्रमाने ठेवले असतील तो क्रम मोडायचा नाही. तुम्हाला तो पसारा वाटला तरी मोडायचा नाही. दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात शिरून डबे आपल्या सोयीने लावले तर काय होतं ते कुणालाही विचारा. डबे छान दिसतात आणि तिला आयुष्यभर हिंग सापडत नाही. हा नियम मी परीक्षेत पाठ लिहिला होता, आणि माझ्या हाती स्वतंत्रपणे आलेल्या पहिल्या मोठ्या कामात तोच मोडला. ही हकिगत नव्वदच्या दशकातली, आणि ते कागद मिस्टर पेलिंग यांचे.

रॉडरिक पेलिंग आयर्लंडमधले. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधून तिथे जाऊन जमीनदार झाले. मोठं दगडी घर, घराभोवती कुरणं, आणि कुरणांपलीकडे दोनशेच्या वर कुळं. आजोबांच्या काळात हा सगळा थाट होता. पुढे कायदे बदलले, जमिनी कुळांकडे गेल्या, देश स्वतंत्र झाला, आणि नातवाकडे घर, गळकं छप्पर आणि आडनाव उरलं. त्यांच्यासारखे बरेच जण इंग्लंडला निघून गेले. हे राहिले आणि राजकारणात पडले. जिल्हा परिषदेसारखी तिथली जी संस्था असते तिच्यात निवडून आले, खालच्या सभागृहासाठी दोनदा पडले, आणि शेवटी वरच्या सभागृहात वीसेक वर्षं अपक्ष बसले. म्हातारपणी घर विकलं, त्याचं हॉटेल झालं, आणि ते न्यू जर्सीत मुलीकडे, एलिनॉरकडे राहायला आले. बरोबर एकोणतीस ट्रंका.

ट्रंकांत दोनशेच्या वर गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठा विटक्या फितीने बांधलेला, वर चिठ्ठी नाही, नाव नाही. आत मात्र विचित्र मिसळण. आजोबांच्या काळातला कुळाचा अर्ज, 'यंदा खंड कमी करावा', आणि त्याच्याच पोटाशी नातवाच्या काळातलं पत्र, 'आमच्याकडे टेलिफोनची तार कधी येणार'. मध्ये सत्तर-ऐंशी वर्षांचं अंतर. मला वाटलं, नोकरांनी घाईत कोंबलंय.

आता खरं कारण सांगते, कारण नुसतं 'वाटलं' म्हणणं ही पळवाट झाली. मी नागपूरजवळच्या खेड्यातली. आमच्याकडे जमीनदाराला मालगुजार म्हणत. माझे आजोबा मालगुजाराच्या वाटेने जाताना चपला हातात घेत, आणि बोलावणं आलं की हातातलं काम टाकून फुकट राबायला जात. बाबासाहेबांमुळे माझे वडील शिकले, मी शिकले, आणि शिकून काय केलं, तर सातासमुद्रापलीकडे एका जमीनदाराचे कागद लावायला बसले. आमच्या बुद्धविहारातले रामटेके काका रविवारी वंदनेनंतर मला म्हणालेच, "बाई, तिथं सलाम करून आपल्या पिढ्या गेल्या. तू इथं येऊन त्यांच्या टाचण्या काढतेस होय?"

ते मला लागलं. मी ठरवलं, या माणसाला लोकप्रतिनिधी म्हणून मिरवायचं असेल तर मिरवू दे, पण आजोबांची जमीनदारी त्याच्या आड लपायला नको. मी सगळे गठ्ठे सोडले. 'जमीनदारी' असा एक विभाग केला, 'राजकारण' असा दुसरा, आणि दोन्ही तारखेप्रमाणे लावले. सात महिने लागले. फिती कुजल्या होत्या, त्या फेकून दिल्या. सूची इतकी देखणी झाली की आमच्या विभागप्रमुख डोरोथी यांनी ती दोनदा वाचली. त्या नुकत्याच रुजू झाल्या होत्या, आणि गठ्ठे सोडण्याआधी ट्रंकांत काय कसं होतं हे मी सोडून कुणी पाहिलं नव्हतं.

मग एका मंगळवारी मिस्टर पेलिंग एलिनॉरबरोबर आपले कागद पाहायला आले. ब्याऐंशी वर्षांचे, उंच, किंचित वाकलेले. ऐन जुलैत लोकरीचा कोट आणि टाय. मी मनात तयारी करून बसले होते की हा माणूस माझ्याकडे बघणार नाही. तर त्यांनी दारातच टोपी काढली, माझं नाव दोनदा विचारून घेतलं आणि 'मेश्राम' हे आडनाव पहिल्याच दिवशी माझ्या डॉक्टरपेक्षा बरं उच्चारलं.

मी अभिमानाने पहिलं खोकं उघडलं. त्यांनी एक फोल्डर पाहिलं, दुसरं पाहिलं, कागद डोळ्यांजवळ नेऊन तिसरं पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "मिसेस मेश्राम, दोन दारांचं घर कुठे गेलं?"

मला काही कळेना. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरी एका खोलीत भिंतभर लाकडी कप्पे होते, प्रत्येक कुळाच्या घराला एक. घरांना नावं होती: दोन दारांचं घर, विहिरीवरचं घर, वरच्या वळणाचं. आजोबा त्या कप्प्यांत कुळांचे अर्ज टाकायचे. नातू राजकारणात आला तेव्हा त्याच घरांतून नातवाला पत्रं येऊ लागली, पेन्शनसाठी, रस्त्यासाठी, फोनसाठी. त्यांनी ती त्याच कप्प्यांत टाकली. एका घराचा कप्पा म्हणजे एक गठ्ठा.

"पत्र आलं की मी उत्तर लिहायला बसायचो नाही," ते म्हणाले. "आधी कप्पा काढायचो आणि माझ्या आजोबांनी त्या घराला काय उत्तर दिलं होतं ते वाचायचो. दोन दारांच्या घराने एकदा वादळानंतर छपरासाठी पेंढा मागितला होता. आजोबांनी नाही म्हटलं. पुढे त्याच घरातल्या म्हातारीने फोन मागितला, डॉक्टरला बोलावता यावं म्हणून. मग मी मंत्र्याच्या दारात एरवीपेक्षा दोनदा जास्त गेलो."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"मत मागायला जाताना हे कसं सांगणार?"

मी ज्याच्यावर लपवाछपवीचा आळ घेतला होता, त्याने आजोबांना आयुष्यभर डोळ्यांसमोर ठेवलं होतं, आणि मी त्या दोघांना वेगवेगळ्या खोक्यांत घालून मधे भिंत बांधली होती. मला लाज वाटली. आजही वाटते.

त्यांनी आवाज चढवला नाही. एलिनॉरने जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग निकामी होत चालला आहे आणि वाचणं फार तर वर्षभर जमेल. अर्ध्या पत्रांवर पत्ताच नव्हता. लिहिणाऱ्याला ठाऊक असे की मिस्टर पेलिंग आपलं अक्षर ओळखतात. आडनावं तर त्या गावात चार आणि घरं दोनशे. कुठलं पत्र कुठल्या घरचं हे सांगणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि त्याची नजर जायच्या आत मला ते गठ्ठे पुन्हा बांधायचे होते.

डोरोथींकडे जाऊन मी सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "सुरुवात कधी करतेस?" घरी मुलगी पल्लवी, तेव्हा बारा वर्षांची, मला म्हणाली, "आई, जस्ट से सॉरी. ओल्ड पीपल लाइक दॅट." नवरा म्हणाला, "अगं, बॅकअप नाही का घेतला?" संगणकवाल्याशी लग्न केल्याचा फायदा तो हा.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते बसने यायचे. मी एकेक कागद समोर ठेवायची, ते तो तिरपा धरून डोळ्याच्या कडेने बघायचे आणि घराचं नाव सांगायचे. चांगल्या दिवशी साठ कागद व्हायचे. अकरा वाजता आम्ही मागच्या खोलीत चहा प्यायचो, कारण कागदांजवळ पाण्याचा थेंबही चालत नाही. माझा आल्याचा चहा त्यांनी पहिल्यांदा प्याला तेव्हा विचारलं, "हे कुठल्या आजारावर आहे?" तिसऱ्या आठवड्यापासून दोन कप मागू लागले.

राजकारणाच्या गोष्टी ते चहा पिताना सांगायचे, आणि बहुतेक पराभवाच्याच. खालच्या सभागृहाच्या निवडणुकीत ते घरोघर हिंडले. प्रत्येक घरात बसवून घेतलं, चहा दिला, केक दिला, आजीच्या तब्येतीचं सांगितलं. एका दिवसात बावीस घरं आणि बावीस चहा. "मतमोजणीला कळलं, चहा सगळ्यांनी दिला होता, मत कुणीच दिलं नव्हतं. आणि मला त्यांचं बरोबरच वाटलं. मीही मला दिलं नसतं." वरच्या सभागृहात त्यांचं पहिलं भाषण गटारावर होतं. शेवटचंही गटारावरच होतं, कारण गटार तेच होतं.

एकदा मी त्यांना आमच्या मालगुजाराचं सांगितलं. चपलांचंही सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "त्यांचे नातू आता काय करतात?"

"एक जण निवडणुकीला उभा राहतो. आमच्या आईकडे मत मागायला येतो."

"चहा देते का तुमची आई?"

"देते. मत नाही देत."

ते इतके हसले की डोरोथी दार उघडून बघून गेल्या. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर जीव जडला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. रामटेके काकांनाही मी तसंच सांगितलं. ते म्हणाले, "माणूस बरा असेल गं. पण विचार कर, आपल्या लोकांचे अर्ज कुणी असे कप्प्यात जपून ठेवलेत का?" काका चुकीचं बोलत नव्हते.

हिवाळा सरेपर्यंत दीडशेच्या वर घरं बांधून झाली. वसंतात त्यांना ठळक अक्षरही दिसेनासं झालं. मग मी मोठ्याने वाचू लागले. शंभर वर्षांपूर्वीच्या आयरिश शेतकऱ्याचं इंग्रजी माझ्या नागपुरी तोंडातून कसं येत असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ते हात वर करायचे. "थांबा. देवाला मध्ये आणलाय, म्हणजे विहिरीवरचं घर." किंवा, "एवढी नम्रता? वरच्या वळणाचे. आता पुढे शिवी असेल बघा." आणि असायची.

ऑगस्टमध्ये सगळे गठ्ठे उभे राहिले. माझ्याकडे शेवटचं एक फोल्डर उरलं होतं, मी 'किरकोळ' म्हणून न वाचताच बाजूला ठेवलेलं. त्यात ट्रंकांच्या तळाशी सापडलेले सुटे कागद होते, बहुतेक पावत्या आणि आमंत्रणं. मी एकेक वाचत गेले आणि ते 'फेका' म्हणत गेले. आम्ही फेकत नाही, पण त्यांना म्हणायला आवडायचं.

मग एक अर्ज आला. ब्रिजेट डोलन नावाच्या विधवेचा, कुणाकडून तरी लिहवून घेतलेला, खाली सहीऐवजी फुली. तिला घर सोडायचा हुकूम झाला होता. ती राहू द्या म्हणत नव्हती. एवढंच मागत होती की जमिनीत बटाटे तयार आहेत, ते काढून होईपर्यंत पंधरा दिवस थांबा, म्हणजे वाटेत मुलांच्या पोटात काही जाईल. अर्जाच्या कडेला वेगळ्या शाईत एक शब्द होता. 'नाही.'

मी थांबले. त्यांचा हात वर गेला नाही. "कुठलं घर?" मी विचारलं.

"त्या घराला कप्पा नव्हता," ते म्हणाले. "घर पाडलं. शेत आमच्या कुरणात घेतलं. माझं पहिलं तट्टू तिथेच चरायचं. त्याच्या खाली अजून एक कागद असेल."

होता. तीसेक वर्षांपूर्वीचं पत्र, अमेरिकेतून आलेलं, टंकलिखित. लिहिणारा म्हणत होता की मी ब्रिजेट डोलनचा पणतू, बसचालक आहे, पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच आयर्लंडला येतो आहे, आमचं घर नेमकं कुठे होतं तेवढं कळवाल का, मला तिथे उभं राहायचं आहे. पत्ता आमच्या ग्रंथालयापासून पाऊण तासावरच्या गावातला होता.

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"दिलं नाही. दोनशे घरांना दिलं, याला नाही दिलं. ते कुरण माझ्या खिडकीतून दिसायचं." त्यांनी टेबलावरचे दोन्ही कागद चाचपून एकावर एक ठेवले. "दोन्ही कागद तिसऱ्या ट्रंकेच्या तळाशी ठेवले. माझ्यामागे कुणाला तरी सापडावेत आणि मी असताना सापडू नयेत, असा हिशेब केला होता. तुम्हाला वाचून दाखवावं लागेल हे त्यात धरलं नव्हतं."

त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. टेलिफोनची डिरेक्टरी आणायला सांगितली. त्या गावात डोलन सात निघाले, पत्रातल्या पत्त्यावर मात्र एकही नाही. मी ओळीने फोन करत गेले, आणि पाचवा तोच निघाला. मी कोण, कुठून बोलते, हे सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता येऊ?"

पुढच्या मंगळवारी मिस्टर डोलन आले. पंचाहत्तरीचे, रुंद बांध्याचे, इस्त्रीचा शर्ट. मी दोघांची ओळख करून दिली. हात पुढे केला तो मिस्टर पेलिंगांनी, पण त्यांना दिसत नसल्यामुळे तो थोडा भलतीकडे गेला. मिस्टर डोलन यांनी तो बघितला, जरा वेळ घेतला आणि मग सरकून धरला.

मी मोठा कागद पसरला. मिस्टर पेलिंग सांगत गेले आणि मी पेन्सिलने काढत गेले. फाटकातून आत, डावीकडे दगडी कुंपण, तिसऱ्या झाडापाशी उतार, उतारावर एक सपाट दगड, तो उंबरठा. तो दगड कुणी हलवला नव्हता. शेत दगडाच्या मागे, ओढ्यापर्यंत. सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत. मिस्टर डोलन माझ्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होते. नंतर मी त्यांना अर्ज दिला. त्यांनी तो स्वतःच वाचला, ओठ हलवत, दोनदा.

मग त्यांनी विचारलं, "बटाटे काढले का तिने?"

हा प्रश्न वर्षभर शेकडो अर्ज वाचणाऱ्या मला एकदाही सुचला नव्हता.

"नाही," मिस्टर पेलिंग म्हणाले. "ते आम्ही खाल्ले."

मला गावाकडचे माझे आजोबा आठवले. त्यांच्या वाट्याला असं सांगणारं कुणी आलं नाही, आणि रामटेके काकांच्याही नाही. मी पेन्सिल खाली ठेवली, कारण मला कागद दिसत नव्हता.

मिस्टर डोलन यांनी अर्ज होता तसा, घडी न घालता, माझ्यापुढे ठेवला. नकाशा मागितला. मूळ आम्ही बाहेर देत नाही, म्हणून मी प्रत काढून दिली. ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून वळून म्हणाले, "हे कसे जाणार?"

"बसने," मी म्हटलं. "बसथांबा कोपऱ्यावर आहे."

"त्या मार्गावर मी एकोणीस वर्षं बस चालवली," मिस्टर डोलन म्हणाले. "दुपारची कधी वेळेवर येत नाही." मग परत आले, खुर्चीमागे उभे राहिले, आणि म्हाताऱ्याच्या कोपराखाली हात घालून म्हणाले, "उठा, माझी गाडी बाहेर आहे. तुमच्या घरी पोचेपर्यंत ते कुरण मला पुन्हा एकदा सांगा."